मैदानाआधी दवाखाना

महाराष्ट्रात महामार्ग पोलिसांची वेगळी भरती निघत नाही. एक्स्प्रेसवेवर किंवा समृद्धी महामार्गावर गस्त घालायचे स्वप्न पाहणाऱ्यालाही आधी पोलीस शिपाई भरतीचे मैदान मारावे लागते. महामार्गावरची नेमणूक पुढची गोष्ट. या भरतीत पहिल्यांदा मैदान, मग लेखी, आणि वैद्यकीय तपासणी निवड झाल्यावर. मुले तयारीही त्याच क्रमाने करतात आणि डॉक्टरांची गाठ सगळ्यात शेवटी घेतात. खरे तर ती सरावाच्या पहिल्याच आठवड्यात घ्यायला हवी.

कारण काही गोष्टी कितीही पळून बदलत नाहीत. रंगांधळेपणा ही त्यांतली मुख्य. भारतात शंभर पुरुषांत साधारण तीन-चार जणांना लाल आणि हिरव्यातला फरक नीट कळत नाही, आणि बहुतेकांना त्याचा पत्ताच नसतो. सिग्नलचा वरचा दिवा लाल, खालचा हिरवा हे जागेवरून पाठ झालेले असते. नेत्रतज्ज्ञाकडे इशिहारा नावाचे रंगीत ठिपक्यांचे पुस्तक असते. पहिल्या पानावरचा १२ सगळ्यांना दिसतो. दुसऱ्या पानावर ८ असतो. लाल-हिरव्यात गफलत होणाऱ्याला तिथे ३ दिसतो. पाच मिनिटांत निकाल लागतो. हा दोष आईकडून मुलाकडे येतो, त्यामुळे मामाला किंवा आईच्या वडिलांना असेल तर तपासणी लवकर करावीच. यावर औषध नाही. खास चष्म्यांच्या जाहिराती खूप दिसतात, पण त्या चष्म्याने दोष जात नाही. रात्री पावसात पुढच्या गाडीचा ब्रेकलाइट ओळखणे ज्याच्या कामाचा भाग आहे, त्याच्यासाठी रंगांधळेपणा नसावा ही अट योग्यच आहे. तीन वर्षे घाम गाळून शेवटी हे समजण्यापेक्षा आधी समजलेले किती बरे! वेळ हातात असताना दुसरी वाट धरता येते.

मैदानावर मुलांना १६०० मीटर, मुलींना ८०० मीटर धावावे लागते. शिवाय १०० मीटर आणि गोळाफेक. एवढ्यासाठी गावोगावची मुले पहाटे डांबरी रस्त्यावर झिजलेल्या बुटांनी पळत सुटतात आणि महिन्याभरात नडगी धरून दवाखान्यात येतात. नडगीच्या आतल्या कडेला लांबवर ठणका असेल तर सराव कमी करून, मातीवर पळून, बर्फाने शेकून बहुतेकदा भागते. पण बोटाने दाबल्यावर एकाच ठिकाणी कळ येत असेल आणि रात्रीही दुखत असेल, तर हाडाला बारीक तडा गेल्याची शक्यता असते. सुरुवातीच्या एक्स-रेमध्ये तो बऱ्याचदा दिसत नाही. अशा वेळी सहा ते आठ आठवडे पळणे बंद, त्याला पर्याय नाही. वेदनाशामक गोळी घेऊन पळणाऱ्याचा तडा वाढून हाड पुरते मोडू शकते.

मुलींच्या बाबतीत हिमोग्लोबिन आधी पाहावे. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात राज्यातल्या निम्म्याहून अधिक स्त्रियांना रक्तक्षय आढळला आहे. दुसऱ्या फेरीत धाप लागून थांबणारी मुलगी आळशी नसते. पुष्कळदा तिचे हिमोग्लोबिन नऊ असते, हवे असते किमान बारा. लोहाची गोळी चहा-दुधासोबत घेऊ नये, लिंबूपाण्यासोबत घ्यावी. दोन-तीन महिन्यांत फरक कळतो, म्हणून ही तपासणीही आधीच.

आता सगळ्यात गंभीर बाब. जून २०१४ मध्ये मुंबईच्या पोलीस भरतीत तेव्हाचे पाच किलोमीटर धावताना काही तरुणांचे प्राण गेले. ऑगस्ट २०२४ मध्ये झारखंडात उत्पादन शुल्क शिपाई भरतीत दहा किलोमीटरची धाव होती. तिथे दहाहून अधिक उमेदवार दगावले. धावता धावता भोवळ येऊन पडणे, छातीत दुखणे, किंवा घरात कुणाचा पन्नाशीच्या आत अचानक मृत्यू झालेला असणे, यांतले काहीही असेल तर ईसीजी आणि टू-डी एको केल्याशिवाय सराव सुरू करू नये. आनुवंशिक दोषामुळे हृदयाचा स्नायू जाड झालेला तरुण वरून धडधाकट दिसतो. दम टिकवण्यासाठी म्हणून मैदानाबाहेर मिळणाऱ्या इंजेक्शनांना तर हातही लावू नये. उत्तेजकांमुळे उष्णता आणि थकवा यांच्या धोक्याच्या सूचना शरीराला कळत नाहीत, आणि पकडले गेले तर उमेदवारीही जाते.

आदल्या रात्री बसस्थानकावर उपाशी जागून सकाळी पळायला उभे राहणे हाही धोकाच. रात्री भाकरी-भात पोटभर खावा, पाणी थोडे थोडे पीत राहावे, सकाळी धावण्याच्या दोन तास आधी केळी किंवा पोहे. अंगात ताप असेल किंवा जुलाब होत असतील तर धावू नये. सोबतचा उमेदवार अडखळू लागला, असंबद्ध बोलू लागला आणि अंग तापलेले लागले, तर तो उष्माघात समजावा. त्याला सावलीत आडवे करून कपडे सैल करावेत, मान, काखा आणि जांघांवर गार पाणी ओतत वारा घालावा, शुद्ध हरपलेली असेल तर तोंडात पाणी घालू नये, आणि हे चालू असतानाच दुसऱ्याने १०८ ला फोन लावावा.