नाकापेक्षा मोती जड : मोत्याचे दागिने घेताना, घालताना आणि विकताना



लग्नसराई जवळ आली की गटाच्या बैठकीत कर्जाच्या अर्जावर "घरातलं कार्य" हे कारण हमखास येतं. खोलात शिरलं की त्यात एखादा दागिना निघतोच. सोन्याचा भाव असा चढलाय की तोळ्याची गोष्ट आता आपण हळू आवाजातच करतो. मग कुणीतरी म्हणतं, "मोत्याचं घेऊ, तेही सोन्यातलंच असतं की." हे वाक्य अर्धं खरं आहे. उरलेल्या अर्ध्यात पैसे बुडतात, म्हणून आजचा पाठ मोत्याचा.

आधी त्याच्या रूपाबद्दल. हिऱ्याला पैलू पाडावे लागतात, सोनं आटवावं आणि घडवावं लागतं. मोती मात्र शिंपल्यातून निघतो तोच तयार होऊन. त्याला फक्त वेज पाडायचं, म्हणजे भोक, की झाला ओवायला मोकळा. त्याच्या चमकेला आपल्याकडे 'पाणी' म्हणतात, आणि तो शब्द अगदी नेमका आहे. मोती आरशासारखा लखलखत नाही. त्याचा उजेड आतून आल्यासारखा वाटतो, कारण तो एकावर एक बसलेल्या अतिशय पातळ थरांचा असतो. सावळ्या चेहऱ्यावर तर तो जास्तच उठून दिसतो. आपल्या आज्यांना हे ठाऊक होतं. नथ, सात मोत्यांची फुलासारखी कुडी, चौकोनी पेट्यांची गळ्याला बसणारी चिंचपेटी, मोत्यांच्या सरांमध्ये खड्यांचं खोड असलेला तन्मणी, हातातले मोत्याचे तोडे : हे सगळे दागिने चेहऱ्याभोवती नाही तर हातापाशी, लोकांची नजर जाते तिथेच आहेत.

नथ आपल्याकडे अनादि काळापासून आहे असं आपण समजतो. पुण्याच्या भांडारकर संस्थेतले संशोधक प. कृ. गोडे यांनी जुने ग्रंथ तपासून दाखवलं की नाकातला दागिना आपल्याकडे त्या मानाने उशिरा, साधारण हजार वर्षांच्या आतबाहेर आला. पण एकदा आला तो असा रुळला की आज नथीशिवाय मराठी नवरी डोळ्यांसमोर येत नाही. मोत्याचा मान केवढा होता ते पानिपताच्या निरोपावरून कळतं. १७६१ मध्ये लढाई हरल्याची बातमी नानासाहेब पेशव्यांकडे सावकारी पत्रातून सांकेतिक भाषेत गेली. त्यात सदाशिवरावभाऊ आणि विश्वासराव या दोघांना मोती म्हटलं होतं, आणि बाकीच्यांना मोहरा, रुपये, खुर्दा. म्हणजे मोती मोहरेच्याही वर. बडोद्याच्या खंडेराव गायकवाडांनी १८६५ च्या सुमारास लाखो बारीक मोत्यांनी भरलेला गालिचाच करवून घेतला. तो २००९ मध्ये दोह्याला लिलावात विकला गेला.

हे मोती यायचे कुठून? काही तमिळनाडूच्या तुतिकोरीनकडून, मन्नारच्या आखातातून. पण नावाजलेला तो बसरा मोती. हे मोती निघत इराणी आखातात, बहारीन, कतार, कुवेतच्या बाजूला. नाव मात्र बसरा बंदराचं पडलं. त्यांची मोठी बाजारपेठ होती आपली मुंबई. आखातातले व्यापारी माल घेऊन मुंबईला येत. इथे मोत्यांची निवड होई, वेज पडे, आणि इथून ते पॅरिस-लंडनला जात.

आता जरा थांबा, कारण पुढचं आपल्या गटाशी फार जवळचं आहे. मोती काढायला पाणबुडे समुद्रात उतरत. पायाला दगड, कमरेला दोर, आणि पाणी जाऊ नये म्हणून नाकावर हाडाचा चिमटा. एका श्वासात खाली जायचं, मिळतील तेवढे शिंपले टोपलीत भरायचे आणि दोर हलवायचा. दिवसभर हेच. हंगाम उन्हाळ्याचा, त्यामुळे उरलेलं वर्ष घर चालवायला पाणबुड्या नावेच्या मालकाकडून उचल घेई. हंगाम चांगला गेला नाही तर उचल फिटत नसे, पुढच्या वर्षी तिच्यावर नवी चढे. बाप गेला की त्याचं कर्ज मुलाच्या बोकांडी बसे आणि मुलगा त्याच नावेवर चढे. हिशेबाची वही मालकाकडे. पाणबुड्याला वाचता येत नसे, त्यामुळे वहीत काय लिहिलंय हे तो मालक सांगेल तेवढंच जाणे. आपल्यातल्या ज्यांनी गटाआधीचे दिवस पाहिलेत त्यांना ही गोष्ट परकी वाटणार नाही. सगळ्यात महाग दागिना समुद्रातून काढणारा माणूस वर्षभर उधारीवर जेवत होता.

हा सगळा धंदा विसाव्या शतकात कोसळला. १८९३ मध्ये जपानच्या कोकिची मिकिमोतोंनी शिंपल्यात मुद्दाम बीज ठेवून अर्धगोल मोती तयार केला. पुढे पूर्ण गोल मोतीही निघू लागले. हाच कल्चर मोती. त्यांच्या शेतीत शिंपले गोळा करायला आणि पुन्हा समुद्रात ठेवायला बुडी मारणाऱ्या बायका होत्या, त्यांना तिकडे 'आमा' म्हणतात. मोती पिकवता येतो म्हटल्यावर, आणि वर १९२९ ची जागतिक मंदी आल्यावर, भाव धाडकन उतरले. १९१७ मध्ये न्यूयॉर्कला कार्तिए या जवाहिऱ्याने १२८ मोत्यांच्या दोनपदरी माळेच्या बदल्यात एक अख्खा वाडा घेतला. माळेची किंमत तेव्हा दहा लाख डॉलर धरली होती. तीच माळ १९५७ मध्ये सुमारे दीड लाख डॉलरला गेली. वाडा अजून उभा आहे.

आता तुमच्या हातातल्या मोत्याकडे या. आज बाजारात तीन जाती भेटतात. नैसर्गिक मोती फार दुर्मिळ, बहुतेक जुन्या दागिन्यांतच. कल्चर मोती खरेच असतात, कारण थर शिंपल्यानेच चढवलेले असतात. त्यातले गोड्या पाण्यातले स्वस्त, आणि ते बहुतेक चीनहून येतात. तिसरी जात नकली : काच, प्लास्टिक किंवा शिंपल्याची गोळी, वरून मोतिया रंगाचा लेप.

नकली ओळखायला घरचा उपाय आहे. मोती समोरच्या दाताच्या कडेवर अगदी हलका फिरवा. खरा मोती बारीक रेतीसारखा खरखरीत लागतो, नकली गुळगुळीत. वेजापाशी भिंगातून बघा. नकलीचा लेप तिथे सुटलेला किंवा सालपट निघालेला दिसतो. माळेतले सगळे मोती साच्यातून काढल्यासारखे एकसारखे असतील आणि भाव स्वस्त असेल तर शंका घ्या. जत्रेत दुकानदार मोत्याला काडी लावून दाखवतो, "बघा ताई, जळत नाही." त्यावरून तो प्लास्टिक नाही एवढंच कळतं. काचही जळत नाही. आणि नैसर्गिक की कल्चर हे दातानेही कळत नाही, दोन्ही खरखरीतच लागतात. त्याला प्रयोगशाळेत एक्स-रे तपासणी लागते. तेव्हा "अस्सल बसरा आहे, माझ्या शब्दावर घ्या" असं कुणी म्हणालं तर शब्द ऐकून घ्यावा, पैसे खिशात ठेवावे.

सोन्यातला मोत्याचा दागिना घेताना पावतीवर सोन्याचं निव्वळ वजन वेगळं लिहून घ्या, मोत्यांचं वेगळं, मजुरी वेगळी. मोत्यासकट सगळं वजन सोन्याच्या भावाने लावलं तर तुम्ही काचेला सोन्याचा भाव दिलात. हॉलमार्क सोन्याचा असतो, मोत्याचा नसतो. दागिन्यावरचा सहा अक्षरांकांचा क्रमांक बीआयएस केअर ॲपवर टाकून बघता येतो. पण दोन ग्रॅमच्या आतल्या दागिन्याला हॉलमार्कची सक्ती नाही, आणि नथीतलं सोनं पुष्कळदा त्याहून कमीच असतं. म्हणून नथीला पावती जास्त महत्त्वाची.

आता ते वरचं अर्धं वाक्य. अडीनडीला दागिना बँकेत ठेवायला नेलात तर बँक फक्त सोनं मोजते. मोती, खडे, लाख, दोरा सगळं वजा होतं. मोठा भरगच्च तन्मणी घेऊन गेलेल्या बाईच्या हातात एवढंसं कर्ज येतं, आणि तिला वाटतं आपल्याला फसवलं. फसवलेलं नसतं, नियमच तसा आहे. दुकानदारही परत घेताना मोत्याला बहुधा काहीच देत नाही. म्हणून माझं स्पष्ट मत असं : हौसेसाठी मोती जरूर घ्या, पण बचतीतून घ्या. मोत्याच्या दागिन्यासाठी गटाचं कर्ज काढू नका. अडचणीच्या वेळेसाठी काही ठेवायचं असेल तर ते बिनखड्याचं सोनं किंवा बँकेतली ठेव.

उलट बाजूही सांगते. सासूच्या सासूची नथ मोडायला काढली असेल तर घाई करू नका. त्यातले वाकडेतिकडे, पिवळसर मोती जुने नैसर्गिक असू शकतात. मोडायच्या आधी मोती मोजा, फोटो काढा, आणि सोनं आटवायला दिलं तरी मोती परत मागा. दाणे मोठे आणि पाणीदार असतील तर मुंबईला रत्नपरीक्षेच्या प्रयोगशाळा आहेत, तिथे दाखवूनच निर्णय घ्या.

आपल्यातले काही गट नथी करून विकतात, सरस प्रदर्शनात त्यांना गिऱ्हाईकही चांगलं मिळतं. काचेचा मोती वापरण्यात कमीपणा नाही, दोनशे रुपयांच्या नथीत दुसरं काय बसणार? पण चिठ्ठीवर तसं लिहा : मोती कोणता, तार कशाची, मुलामा कशाचा. नुसतं 'मोत्याची नथ' लिहून गप्प बसलात तर एक गिऱ्हाईक परत येऊन सगळ्यांसमोर भांडेल, आणि शेजारच्या स्टॉलवरच्या गटाचंही नाव जाईल. चापाच्या नथीची तार टोचते का, हे आधी स्वतःच्या नाकात घालून तासभर बघा. मोत्यांची शेती करा, माल आम्ही विकत घेतो, असं सांगत कुणी गावात आलं तर लगेच गटाचे पैसे काढू नका. गोड्या पाण्यातल्या मोत्यांचं तंत्र भुवनेश्वरच्या केंद्रीय मत्स्यपालन संस्थेने बसवलेलं आहे, ते खोटं नाही. पण शिंपल्यात बीज बसवणं ही शस्त्रक्रिया आहे, पीक यायला वर्ष-दीड वर्ष लागतं, त्यात शिंपले मरतात, आणि निघालेला प्रत्येक मोती गोल नसतो. आधी शिका, मग एक छोटं शेततळं.

घालायचं म्हणाल तर मोती सगळ्यात शेवटी घालावा आणि सगळ्यात आधी काढावा. पावडर, अत्तर, केसांचा फवारा आधी. मोती चुन्याच्याच कुळातला, आंबट त्याला खातं. आपण पितळ चिंचेने घासतो तसा दागिना घासायला गेलात तर पाणी उतरलंच समजा. चिंचपेटीला चिंच चालत नाही! घाम आला की मऊ ओल्या फडक्याने पुसा, वाळवा, सुती कापडात वेगळा ठेवा. प्लास्टिकच्या पिशवीत वर्षानुवर्षं कोंडू नका. दोरा सैल किंवा काळा झाला की पटवेकऱ्याकडून नव्याने ओवून घ्या, प्रत्येक मोत्यापाठी गाठ मारायला सांगा. म्हणजे तुटली तरी माळ सांडत नाही, एखादाच दाणा जातो.

आणि कुणी घालायचं? २०२२ मध्ये कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाड गावाने विधवांचं कुंकू पुसणं, बांगड्या फोडणं बंद करण्याचा ठराव केला. नथ-कुडीचंही तेच. नवरा नाही म्हणून डब्यात पडून पिवळे झालेले मोती आपल्या कितीतरी सख्यांच्या घरी आहेत. पुढच्या हळदीकुंकवाला त्यांना बोलवा, आणि ते मोती घालूनच या म्हणावं.

पुढच्या बैठकीसाठी काम : प्रत्येकीने घरातला एक मोत्याचा दागिना आणावा, खरा-खोटा कसाही. सचिवताईंनी भिंग आणावं, शाळेतून मागून घेतलं तरी चालेल. वेज बघा, दाताला लावून बघा (आधी पुसून, आणि ज्याचा दागिना त्याच बाईने), पावती असेल तर त्यातलं सोन्याचं निव्वळ वजन शोधा. कुणाच्या पावतीवर ते नसेल तर दुकानातून लिहून आणायचं काम त्याच आठवड्यात दोघींनी मिळून करावं.