वेताळाचे जुने अंक कसे जपावेत?

प्रश्न : वाड्याच्या माळ्यावर वेताळ, मँड्रेक आणि फ्लॅश गॉर्डनची मराठी इंद्रजाल कॉमिक्स सापडली. पिना गंजल्या आहेत. काय करू? विकावीत का?
— एक वाचक, धाराशिव

उत्तर : आधी ती माळ्यावरून खाली उतरवा. आपल्याकडच्या उन्हाळ्यात पत्र्याखालचा माळा भट्टीसारखा तापतो आणि हा स्वस्त कागद पिवळा पडून तुटू लागतो. मऊ ब्रशने धूळ झटका. कसर, वाळवी दिसली तर तो अंक वेगळा ठेवा.

गंजलेली पिन ओढू नका. आतून तिचे पाय उचलून ती सोडवा आणि त्याच भोकांतून सुती दोरा ओवा. सेलोटेप आणि लॅमिनेशन अजिबात नको, त्याने झालेले नुकसान भरून येत नाही. प्रत्येक अंक पॉलिप्रॉपिलीनच्या पिशवीत घाला, पीव्हीसीच्या नको. गठ्ठा लोखंडी कपाटात, ओलीच्या भिंतीपासून दूर ठेवा.

टाइम्स ऑफ इंडियाच्या प्रकाशन समूहाने इंद्रजाल कॉमिक्सची मालिका मार्च १९६४ मध्ये वेताळकथेने सुरू केली. ती १९९० मध्ये थांबली. आबिद सुरतींनी रचलेला नायक बहादूर त्यात १९७६ मध्ये आला. अंकक्रमांक, वर्ष, मुखपृष्ठ, मधली पाने आणि कुणी सोडवलेली कोडी यांची वहीत नोंद करा. किंमत मुख्यतः यावरच ठरते.

विकायची घाई करू नका. रद्दीत तर मुळीच देऊ नका; मराठी आवृत्तीचे अंक असेच संपत चालले आहेत.