पट्टीची वाट बघत बसू नकोस

अगं, परवा फोनवर म्हणालीस ना, "ताई, आता सुई लागणारच नाही म्हणे, नुसती पट्टी चिकटवायची!" तेव्हा घरात माणसं होती म्हणून बोलले नाही. आता ऐक.

पट्टी खोटी नाही. तिच्या पोटाला मिलिमीटरहून आखूड सुया दाटीनं बसवलेल्या असतात. त्या कातडीत वरच्यावरच थांबतात, म्हणून दुखत नाही. पेशींच्या मधे पाण्यासारखा द्रव असतो, तो टिपून त्यातली साखर, प्रथिनं शोधतात. अमेरिकेत सेंट लुईसच्या वॉशिंग्टन विद्यापीठात श्रीकांत सिंगमनेनी यांच्या गटानं २०२१ मध्ये प्रथिनांसाठी असं उंदरांवर करून दाखवलं. उंदरांवर, हं! दंडावर लावायचा साखरेचा सेन्सर मात्र आपल्याकडेही मिळतो. तोही हाच द्रव मोजतो, पण त्याची तार बरीच लांब असते आणि खर्च आपल्याला झेपणारा नाही.

पण तुझं आत्ता अडलंय कशावर? हिमोग्लोबिनवर. ते असतं तांबड्या पेशींत, आणि त्या द्रवात तांबड्या पेशीच नसतात. मग पट्टी काय कप्पाळ सांगणार? सिकलसेल या रक्ताच्या आजाराचंही तेच. आपल्या पाड्यांवर ती तपासणी टाळून चालायचं नाही.

तेव्हा नऊ तारखेला टोकावड्याच्या ग्रामीण रुग्णालयात जा. दर महिन्याच्या नवव्या दिवशी सरकारी दवाखान्यांत गरोदर बायांची तपासणी फुकट असते. साखरेसाठी ७५ ग्रॅम ग्लुकोज पाण्यातून देतील. गोडमिट्ट असतं, एका दमात ढोसू नकोस, पाच-दहा मिनिटांत घोट घोट पी. अर्ध्या तासाच्या आत उलटी झाली तर लपवू नकोस, तपासणी दुसऱ्या दिवशी पुन्हा करावी लागते. दोन तासांनी रक्त घेतात. साखर १४० किंवा वर आली तर औषधपाण्याआधी जेवणखाण बदलायला सांगतात. सव्विसाव्या आठवड्याच्या सुमारास पुन्हा बघायची, पहिली बरी आली तरी.

रक्त काढताना तुला घेरी येते हे सिस्टरला आधीच सांग, त्या आडवं करून रक्त घेतील. त्यात लाजण्यासारखं काही नाही.

आणि जावईबापूंनाही ओढत ने. दोघंही सिकलसेलचे वाहक असले तर दर बाळंतपणात चारात एक शक्यता बाळाला आजार होण्याची. वाहक माणूस वरून धडधाकट दिसतो, म्हणून त्यांचंही बोट टोचून घ्यायला लाव.