माइकसमोर उभे राहण्यापूर्वी

नवरात्र आले की टेंभी नाक्यावर मंडपाची आणि रोषणाईची लगबग सुरू होते. आनंद दिघे यांनी १९७८ मध्ये सुरू केलेल्या या उत्सवामुळे गल्लोगल्लीच्या मंडळांनाही हुरूप येतो. मग अध्यक्षांना दोन शब्द बोलावे लागतात, आणि एरवी धीट असणाऱ्या गृहस्थांचेही हातपाय थरथरू लागतात.

हा भित्रेपणा नव्हे. अॅड्रिनॅलिन हे संप्रेरक रक्तात वाढते, त्यामुळे छातीत धडधडते, तोंड कोरडे पडते. चार आकडे मोजत नाकाने श्वास घ्यावा, सहा मोजत सोडावा. दोन-तीन मिनिटांत फरक जाणवतो. भाषण मनातल्या मनात वाचून उपयोग नाही. उभे राहून, मोठ्याने, घरच्यांसमोर म्हणावे. पहिली दोन वाक्ये तोंडपाठ असली की पुढचे सुचते. आदल्या रात्री जागरण नको. ढोलताशांवर आवाज चढवून घसा बसवून घेऊ नये. सारखे खाकरणेही घशाला वाईटच. कोमट पाणी घोट घोट प्यावे.

१९०८ च्या राजद्रोहाच्या खटल्यात लोकमान्य टिळक स्वतःच्या बचावासाठी सहा दिवस मिळून एकवीस तासांहून अधिक बोलले. तेव्हा पन्नाशी उलटली होती, मधुमेहही होता. पण कॉलेजच्या पहिल्या वर्षी अभ्यास मागे ठेवून त्यांनी व्यायामाने शरीर कमावले होते. तयारी अशी जुनी असते!

मधुमेहींनी मात्र एक गोष्ट नीट समजून घ्यावी. नऊ दिवसांचा उपवास, त्यात साखरेची गोळी किंवा इन्सुलिन चालू, आणि संध्याकाळी भाषण. अशा वेळी घाम, थरथर, धडधड ही रक्तातील साखर उतरल्याची लक्षणे असू शकतात. लोक म्हणतात, 'साहेब घाबरले', आणि साहेब व्यासपीठावरच कोसळतात. शंका येताच खाली बसून तीन चमचे साखर पाण्यातून घ्यावी, पंधरा मिनिटांनी साखर तपासावी. शुद्ध हरपली असेल तर तोंडात काही न घालता तडक रुग्णालय गाठावे. उपवासात औषध किती घ्यायचे हे आधीच डॉक्टरांना विचारावे, आपल्या मनाने बंद करू नये.

मित्राने दिलेली 'धडधडीची गोळी'ही घेऊ नये. त्यातल्या काही गोळ्यांनी साखर उतरल्याची धडधड व थरथर दबते, फक्त घाम फुटतो. दमा असलेल्यांना तर अशा गोळीने धाप लागू शकते.