लहान व्यवसायाचे साधे धोरण

व्यवसायाचे धोरण म्हटले की मोठ्या कंपन्यांची कार्यालये, जाडजूड अहवाल आणि महागडे सल्लागार डोळ्यांसमोर येतात. त्यामुळे किराणा दुकान, खानावळ, शिवणकाम, झेरॉक्स केंद्र किंवा छोटे वर्कशॉप चालविणाऱ्यांना वाटते की हा विषय आपला नव्हे. वस्तुतः ज्याचे भांडवल थोडे, त्यालाच धोरणाची गरज अधिक असते. वडिलोपार्जित पेढी असणाऱ्याला एखादा चुकीचा निर्णय पचविता येतो, कारण त्याच्या पाठीशी काका-मामांचा पैसा व बाजारातील ओळख असते. पहिल्या पिढीच्या व्यावसायिकाला हा आधार नसतो. त्याच्या भांडवलात आईचे दागिने असतात, वडिलांच्या निवृत्तीची रक्कम असते, नाहीतर बँकेचे कर्ज असते. ते बुडाले तर दुकानाबरोबर मुलांचे शिक्षणही थांबते. म्हणून त्याला धोरण हवे, आणि ते एका पानावर मावेल इतके साधे हवे.

अंगुत्तर निकायातील तिक निपातात ‘पापणिक सुत्त’ आहे. पापणिक म्हणजे दुकानदार. भिक्खूंना उपदेश करताना भगवान बुद्धांनी येथे यशस्वी दुकानदाराचा दृष्टान्त दिला आहे. त्याच्या अंगी तीन गुण असतात. तो ‘चक्खुमा’ म्हणजे डोळस असतो: माल कितीला घेतला, कितीला विकला आणि हाती किती उरले हे तो जाणतो. तो ‘विधुर’ असतो. पालीत या शब्दाचा अर्थ खरेदी-विक्रीत कुशल असा होतो. आणि तो ‘निस्सयसंपन्न’ असतो: हा कुटुंब पोसून आपले पैसे वेळेवर फेडील, असा विश्वास धनिकांना त्याच्याविषयी वाटतो व ते आपण होऊन त्याला भांडवल देतात. आजच्या लहान व्यवसायाचा विचार करण्यास हे तीन गुण पुरेसे आहेत.

डोळसपणा : हिशेबाची नजर

गल्ल्यात आलेला सर्व पैसा आपला, ही समजूत लहान धंद्याचा पहिला घात करते. एक कल्पित उदाहरण घेऊ. पोह्यांच्या गाडीवर प्लेटची किंमत २५ रुपये आहे. पोहे, तेल, कांदा, शेंगदाणे, गॅस व कागदी प्लेट मिळून १३ रुपये लागतात. म्हणजे एका प्लेटमागे १२ रुपये उरतात. आता महिन्याचा ठरलेला खर्च मांडू. जागाभाडे ६,०००, मदतनिसाचा पगार ९,०००, वीज व किरकोळ १,०००, कर्जाचा हप्ता ४,००० आणि मालकाचा स्वतःचा पगार १०,०००. एकूण ३०,००० रुपये. तीस हजारांना बाराने भागले की २,५०० प्लेटा येतात. महिन्याचे २५ दिवस काम धरले तर रोज १०० प्लेटा विकल्यावर खर्च भागतो; खरा नफा एकशे एकाव्या प्लेटपासून सुरू होतो.

समजा, शेजारी दुसरी गाडी आली म्हणून आपण भाव दोन रुपयांनी उतरविला. आता प्लेटमागे १० रुपये उरतात, आणि तोच खर्च भागविण्यास ३,००० प्लेटा, म्हणजे रोज १२० प्लेटा लागतात. भाव उतरला केवळ आठ टक्क्यांनी, परंतु विक्री वीस टक्क्यांनी वाढवावी लागली. ग्राहकाला दोन रुपये क्षुल्लक वाटतात. मालकाला ते रोज वीस प्लेटांचे जादा काम लावतात. भाव कमी करण्यापूर्वी हा भागाकार करणे, यालाच डोळसपणा म्हणावे.

या मांडणीत मालकाचा पगार मुद्दाम धरला आहे. अनेक जण तो धरतच नाहीत. घरात लागेल तसे गल्ल्यातून उचलतात. मग धंदा नफ्यात आहे की आपण फुकट राबतो आहोत, हे वर्षानुवर्षे कळत नाही.

कौशल्य : काय करायचे नाही हे ठरविणे

धंदा मंदावला की आणखी चार वस्तू ठेवण्याचा मोह होतो. प्रत्येक नव्या वस्तूत थोडे भांडवल अडकते, थोडा माल खराब होतो आणि मालकाचे लक्ष विभागले जाते. डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी १९१८ साली भारतातील लहान शेतधारणांवर निबंध प्रसिद्ध केला. धारणा किफायतशीर आहे की नाही हे केवळ जमिनीच्या क्षेत्रफळावरून ठरत नाही. जमीन, श्रम व भांडवल यांचे परस्परांशी प्रमाण जुळले पाहिजे, असा त्यांचा युक्तिवाद होता. तो दुकानालाही लागू पडतो. दुकान लहान असणे हा दोष नव्हे. जागा, माल, माणसे आणि पैसा यांचे प्रमाण बिघडणे हा दोष होय.

याचे बोलके उदाहरण मुंबईच्या गिरगावात घडले. १५ मार्च १९५९ रोजी सात स्त्रियांनी ८० रुपये उसने घेऊन इमारतीच्या गच्चीवर पापड लाटले. पहिल्या दिवशी चार पाकिटे तयार झाली. हीच पुढे ‘श्री महिला गृह उद्योग लिज्जत पापड’ म्हणून देशभर पोहोचलेली संस्था. आरंभी त्या दोन प्रतींचे पापड करीत, एक उत्तम आणि एक स्वस्त. छगनबापा या मार्गदर्शकांनी सांगितले की एकच प्रत ठेवा आणि तिच्यात तडजोड करू नका. त्यांनी ते ऐकले. पहिल्या वर्षी पावसाळ्यात पापड वाळेनात म्हणून चार महिने काम बंद राहिले. दुसऱ्या वर्षी त्यांनी एक खाट व एक स्टोव्ह घेतला. पापड खाटेवर आणि स्टोव्ह खाली. अडचण कोणती ते नेमके कळले होते, म्हणून उपायही स्वस्त निघाला. खाकरा, मसाले यांसारखे पदार्थ आले ते १९७० च्या दशकात, पापडाचा पाया पक्का झाल्यावर. काडेपेट्या, अगरबत्ती असे काही उपक्रम पुढे यशस्वी झाले नाहीत. तोवर मूळ काम मात्र भक्कम झालेले होते.

विश्वास : उधारी आणि परतफेड

वरच्या उदाहरणातील एक प्लेट उधारीत बुडाली तर खिशातले १३ रुपये जातात, आणि दुसऱ्या प्लेटचे १२ रुपये ते भरून काढण्यास अपुरे पडतात. म्हणून उधारीला मर्यादा हवी: कोणाला, कितीपर्यंत, किती दिवसांसाठी. नातेवाइकाला नाही म्हणणे अवघड जाते. दुकानाचा नियम आधीच सर्वांना माहीत असला की ते सोपे होते.

मोठ्या कारखान्यांना माल किंवा सेवा पुरविणाऱ्यांनी आणखी एक गोष्ट लक्षात ठेवावी. सूक्ष्म, लघु व मध्यम उपक्रम विकास अधिनियम, २००६ नुसार सूक्ष्म व लघु उत्पादकांचे आणि सेवा देणाऱ्यांचे पैसे लेखी करार असला तरी जास्तीत जास्त ४५ दिवसांत देणे खरेदीदारावर बंधनकारक आहे. विलंब झाल्यास चक्रवाढ व्याज द्यावे लागते व राज्य शासनाने नेमलेल्या परिषदेकडे दाद मागता येते. त्यासाठी ‘उद्यम’ नोंदणी असावी. ती विनाशुल्क होते.

आपणही इतरांचे पैसे वेळेवर द्यावेत. लहान हप्ता वेळेवर फेडणाऱ्याला पुढचे कर्ज सुलभ होते. त्याकरिता गंगाजळी हवी. दीघ निकायातील सिगालोवाद सुत्तात गृहस्थाने उत्पन्नाचे चार भाग करावेत असे सांगितले आहे: एक उपभोगासाठी, दोन व्यवसायात गुंतविण्यासाठी आणि एक संकटकाळासाठी राखून ठेवावा. आज हे प्रमाण प्रत्येकाला जमेल असे नाही. परंतु दोन-तीन महिन्यांचा ठरलेला खर्च भागेल इतकी रक्कम वेगळ्या खात्यात असली, तर एका आजारपणाने दुकान बंद पडत नाही.

एका पानाचे धोरण

वहीच्या एका पानावर पाच प्रश्नांची उत्तरे लिहावीत.

१. माझा ग्राहक नेमका कोण आहे?
२. तो शेजारी न जाता माझ्याकडे का येतो?
३. खर्च भागण्यासाठी मला रोज किती विक्री करावी लागते?
४. आज किती रक्कम उधारीत आहे आणि ती कधी येणार?
५. येत्या सहा महिन्यांत मी कोणते काम हाती घेणार नाही?

पाचवे उत्तर लिहिणे सर्वांत कठीण असते. दर महिन्याच्या अखेरीस हे पान काढून आकडे तपासावेत आणि परिस्थिती बदलली असेल तरच उत्तर बदलावे.

नोकरीत स्थिरावलेल्या माजी विद्यार्थ्यांना येथे एक काम करता येईल. आपल्या वस्तीत कोणी नवे दुकान काढले, तर उद्घाटनाला पुष्पगुच्छ द्यावाच. पण महिनाभराने एक तास काढून त्याच्यासोबत हे पान भरावे. ज्यांच्या घरात पिढ्यान्‌पिढ्या व्यापार आहे, त्यांच्या मुलांना हा हिशेब वडिलांच्या शेजारी गल्ल्यावर बसून आपोआप शिकता येतो. आपल्या मुलांना तो कोणीतरी बसवून शिकवावा लागेल.