तिकिटामागची बाकी

आमची दहावीची बॅच मार्च १९८७ची. शाळा अमरावतीच्या राजापेठेतली. मुलींचे बाक डावीकडे, मुलांचे उजवीकडे, आणि मधली दोन हातांची वाट पाच वर्षांत कुणी ओलांडली नाही. पुढे सगळे पांगले. बरेच जण पुण्याला गेले, काही नागपूरला, एक थेट अमेरिकेत. उरलेले साईनगर, रुक्मिणीनगर असे अमरावतीतच राहिले. पुन्हा जमलो तेव्हा पन्नाशी दाराशी आलेली होती.

वर्गमित्रांच्या बातम्यांनाही एक क्रम असतो. आधी लग्नं, मग पोरांच्या ॲडमिशनी, मग आईचे गुडघे आणि बाबांचा मोतीबिंदू. मग एकेकाचे आईबाप जायला लागतात. हल्ली आमच्याकडे लग्नपत्रिका नि निधनवार्ता जोडीनंच येतात. त्यातून जे उमगलं ते इथे मांडते. आकडे टाकलेत ते वाचायला सोपं जावं म्हणून; पहिला बोल मोठा आणि नववा लहान असं काही नाही.

१. नुसती श्रद्धांजली वाहून भागत नाही, एक प्रसंग सांगावा.

वर्गातल्या एकाचे वडील एसटीत कंडक्टर होते. ते गेल्याची बातमी वर्गाच्या ग्रुपवर आली आणि पाठोपाठ जोडलेल्या हातांची रांग लागली. मीही हात जोडणारच होते, पण मला परतवाड्याची गाडी आठवली.

नववीत असेन. मामाकडून एकटीच येत होते. सुट्टे नव्हते म्हणून कंडक्टरकाकांनी तिकिटाच्या मागे ४० पैसे बाकी असं लिहून दिलं. स्टँडवर उतरले ती बाकी न घेताच. दुसऱ्या दिवशी सकाळी खाकी कपड्यातला माणूस सायकल घेऊन आमच्या फाटकाशी उभा. आईला म्हणाले, "बाई, तुमच्या पोरीचे चाळीस पैसे राह्यले माह्याकडे." आणि तळहातावर मोजून ठेवले: एक चाराणे, एक झालरीच्या कडेचं दहा पैशांचं, एक चौकोनी पाच पैशांचं. आई चहा ठेवते म्हणाली तर ड्यूटी आहे म्हणून निघूनही गेले.

हे सगळं मी त्यांच्या मुलाला फोन करून सांगितलं. शाळेत ज्याच्याशी एक शब्द बोलले नव्हते त्याच्याशी पहिलं लांब बोलणं झालं ते हे. तो बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, "याच पायी आमच्या घरी भांडणं व्हायची. हिशोबात कमी पडले की बाबा खिशातून भरायचे, आणि आई म्हणायची, तुम्हालेच काऊन एवढा पुळका?" डेपोत वडिलांना लोक येडा समजत, असं त्याला लहानपणापासून वाटत आलं होतं. त्या रात्री त्यानं ती गोष्ट आपल्या मुलांना जेवताना सांगितली.

मुलांकडे बापाचे फोटो असतात, सर्व्हिस बुक असतं, चष्मा असतो. बाप बाहेर कसा वागत होता ते मात्र दुसऱ्यांच्याच डोक्यात साठलेलं असतं, आणि आपण ते 'ओम शांती' लिहून तसंच ठेवून देतो.

२. निधनवार्तेत मुलगी सापडत नाही.

'हिंदुस्थान' असो की 'जनमाध्यम', अमरावतीची निधनवार्ता ठरलेल्या चालीची असते. त्यांच्या पश्चात पत्नी, दोन मुलं, सुना, दोन विवाहित मुली, जावई, नातवंडे असा मोठा आप्तपरिवार आहे. मुलांची नावं कधी छापून येतात, मुलींची फक्त संख्या. माझी आई गेली तेव्हा त्या 'दोन विवाहित मुलीं'तली एक मी होते. माहेरचं आडनाव वाचूनही मैत्रिणींना पत्ता लागला नाही. तेरवी उलटून गेल्यावर एकेकीचे फोन आले.

मुलांचं बरं असतं, आडनाव तेच राहतं. आमच्या वर्गातल्या कितीतरी मुलींची आडनावं बदलली, काहींची तर सासरी पहिली नावंसुद्धा. म्हणून आम्ही आता एक यादी केली आहे: माहेरचं नाव, सासरचं नाव, आईवडिलांची नावं, जुना मोहल्ला. एका मैत्रिणीनं वडिलांच्या निधनवार्तेत चारही बहिणींची नावं घालायला लावली. मजकूर लांबतो म्हणून भाऊ कुरकुरला. लांबू दे म्हणाली, चौघींनी मिळून बाबांचं आठ वर्षं अंथरुणातलं केलं, चार ओळी तर जातील.

३. आपला बाप आपल्याला सगळा माहीत नसतो.

माझे बाबा जिल्हा परिषदेत हेडक्लार्क. सिनेमा हा शब्द घरात काढायची सोय नव्हती. सिनेमानं पोरं बिघडतात, पैसा जातो, डोळे जातात. आम्हा बहिणींचं अख्खं बालपण चित्रा, प्रभात, वसंत, श्याम ही टॉकीजची नावं नुसती चौकांच्या पत्त्यापुरती उच्चारण्यात गेलं.

बाबांच्या तेरवीला वर्गातला एक जण आला. त्याच्या वडिलांचा चित्रा टॉकीजजवळ पानठेला होता आणि शाळा सुटली की तो तिथे बसायचा. जेवणं झाल्यावर मला बाजूला घेऊन म्हणाला, "आता सांगायला हरकत नाही. जुना दिलीपकुमार लागला की तुझे बाबा तीनच्या शोला यायचे. एकटे. हातात ऑफिसची फाइल." पहिल्यांदा नजरानजर झाली तेव्हा बाबांनी त्याला कोपऱ्यावर नेऊन गिला वडा खाऊ घातला आणि बजावलं, घरी बोलशील तर याद राख. पुढे दर दिलीपकुमारला एक गिला वडा ठरलेला. म्हणे, "काका गेल्यावर आधी मले वड्याचीच आठवण झाली."

मी हसले, आणि तेरवीच्या मांडवात हसले म्हणून दोन काकवांनी डोळे वटारले. आईला हे माहीत होतं का, ते आता विचारायला आईही नाही. माझा अंदाज, होतं. फाइल घेऊन ऑफिसात गेलेला नवरा संध्याकाळी गुणगुणत घरी येतो, हे कोणत्या बायकोला कळणार नाही!

४. कापसाच्या गाडीवरचा माणूस विसरू नये.

माझी जिवाभावाची मैत्रीण मावशीकडे राहून शिकली, आईवडील खेड्यावर. १९७२ साली कापूस एकाधिकार खरेदी योजना आली तेव्हापासून वऱ्हाडातल्या शेतकऱ्याचा हिवाळा खरेदी केंद्राच्या रांगेत जायचा. बैलगाड्या रात्र रात्र उभ्या. ग्रेडर येणार, कापसात हात घालणार, प्रत ठरवणार, आणि चुकारा मिळणार तो पुढे कधीतरी, हप्त्यांनी. तिचे वडील रांगेत असले की आम्ही दोघी मावशीच्या हातचा डबा घेऊन जिनिंगवर जायचो. राजापेठचं रेल्वे फाटक बंद असलं की भाकरी थंड व्हायची आणि तिची चिडचिड.

काका गाडीखाली घोंगडी अंथरून बसलेले असायचे. आधी बैलांसमोर कडबा टाकायचे, मग डबा उघडायचे. अंगभर रुईचे तंतू, मिशीतही. मला गणितात गोडी नव्हती, आणि हा चौथी शिकलेला माणूस क्विंटलचा भाव, तूट आणि कापलं जाणारं कर्ज तोंडानं वजा करून चुकाऱ्याचा आकडा सांगायचा. वर्गात आम्हाला पाटी लागायची. मैत्रीण आज बँकेत अधिकारी आहे. तिच्या निवृत्तीच्या कार्यक्रमात मला दोन शब्द बोलायचे आहेत, आणि ते तिच्याबद्दल नसणार.

५. कागदांचं बोलणं अभद्र नसतं.

हा बोल आमच्यातल्या वकिलाचा, मी नुसती लिहून घेतला. मृत्यूची नोंद २१ दिवसांत करायची. तसा १९६९चा कायदाच आहे. उशीर झाला की विलंब शुल्क, आणि वर्ष उलटलं की दंडाधिकाऱ्याचा आदेश आणावा लागतो. नोंद माणूस राहत होता तिथे होत नाही, जिथे गेला तिथे होते. दर्यापूरच्या माणसाला नागपूरच्या दवाखान्यात नेलं आणि तो तिथे गेला, तर दाखला नागपूरचा. हे ठाऊक नसल्यानं कितीजण आपल्याच ग्रामपंचायतीत खेटे घालतात. दाखल्याच्या चारपाच प्रती आधीच काढाव्यात: बँक, पेन्शन, विमा, सातबाऱ्यावरची वारस नोंद, सगळीकडे लागतात.

आणि नावं. आधारवर एक, पेन्शनच्या कागदावर दुसरं, सातबाऱ्यावर तिसरंच. आईबाबा हयात आहेत तोवर ती जुळवून घ्या. हे बोलायला जीभ रेटत नाही, मान्य. वकील म्हणतो, "नोव्हेंबरात हयातीच्या दाखल्यासाठी बँकेत नेता ना? त्याच दिवशी काढा विषय."

६. तेरवी कर्ज काढून करू नये.

हे अमरावतीत कुणी नव्यानं सांगायला नको. कर्ज काढून जेवणावळी घालू नका, असं गावोगाव कीर्तनातून सांगत फिरलेले गाडगेबाबा याच जिल्ह्यात शेंडगावला जन्मले आणि २० डिसेंबर १९५६ला इथेच, वलगावजवळ पेढी नदीच्या पुलावर गेले. त्यांच्या नावाचं गाडगेनगर शहरात आहे, आणि त्याच शहरात पाचशे पानांची तेरवीही होते. आमच्यातल्या एकानं तेरवीच्या खर्चातून तपोवनला धान्य दिलं. शिवाजीराव पटवर्धनांनी १९४६ साली कुष्ठरोग्यांसाठी उभं केलेलं ते तपोवन. भाऊबंद नाराज झाले, पुढच्या लग्नात आपसूक बोलायला लागले.

७. जाता आलं नाही, तर नंतर जावं.

फेब्रुवारी २०२१ मध्ये कोरोनाची दुसरी लाट अमरावतीत राज्यात सगळ्यांच्या आधी आली. २२ तारखेपासून आमच्याकडे टाळेबंदी होती, तेव्हा पुण्यामुंबईचे मित्र फोनवर विचारत होते, तिकडे नेमकं काय चाललंय. दोन महिन्यांत त्यांच्याकडेही तेच. अंत्यविधीला वीस माणसं. त्या वर्षी वर्गातल्या कितीतरी जणांचे आईवडील गेले आणि कुणाच्या दारात कुणी बसलं नाही. एकीनं वडिलांना व्हिडिओ कॉलवर निरोप दिला.

पुढच्या दिवाळीत आम्ही काहीजण त्या घरांना जाऊन आलो. एवढ्या महिन्यांनी कसं जायचं, उगाच खपली काढल्यासारखं, असं वाटत होतं. पण प्रत्येक घरी बसा बसा म्हणून आग्रह झाला आणि कुणीही लवकर उठू दिलं नाही. त्यांना गेलेल्या माणसाबद्दल बोलायचंच होतं. ऐकणारं कुणी आलं नव्हतं.

८. आनंदाची बातमी दाबू नये.

एकाच्या आईला जाऊन आठवडा झालेला, आणि दुसरीच्या लेकीचं लग्न ठरलं. सांगू की नको, म्हणून ती दोन दिवस अडून बसली. शेवटी सांगितलं. त्याचं उत्तर: "आई असती तर आधी मुलगा काय करते विचारलं असतं, मग बुंदीचे लाडू मागितले असते. तू लाडू पाठव."

९. जे आहेत, त्यांच्याकडे आधी जावं.

आमच्या बॅचच्या आयांपैकी फार थोड्या उरल्यात. त्यांतल्या एक डफरीन दवाखान्यात नर्स होत्या. अख्खी हयात बाळंतपणं करण्यात गेली. वर्गातली अर्धीअधिक पोरं त्यांच्याच हातावर जन्मली म्हणायला हरकत नाही. आता पंचाऐंशी ओलांडल्या आहेत, ऐकू कमी येतं, साखर आहे म्हणून चोरून पेढा खातात. परवा आम्ही सगळे मिळून गेलो. त्यांनी कुणाचंच नाव विचारलं नाही. एकेकाला जवळ बोलावून विचारत, "माय कोन तुही?" आईचं नाव सांगितलं की क्षणभर डोळे मिटत आणि सुरू होत. हिच्या आईनं सगळ्या दवाखान्याला शिव्या दिल्या. ह्याची आई बाळंत होऊन दोन तासांत डबा मागत होती. माझ्या आईबद्दल म्हणाल्या, "ते रडली नाही वो बाई. दुसरी पोरगी झाली म्हून सासू रडली, तर हिनंच तिले पाणी देल्लं."

हे मला कुणी सांगितलं नव्हतं. आजीनं तर नाहीच नाही.

मग पाळी आली आमच्यातल्या प्राचार्यांची. टक्कल पडलेले, जाड भिंगाचे, दहा जणांत मान असलेले गृहस्थ. त्यांनी वाकून नमस्कार केला, आईचं नाव सांगितलं. म्हाताऱ्या माउलीनं त्यांना खालीवर न्याहाळलं आणि म्हणाल्या, "तुह्या वक्ताले लाइन गेली होती. कंदिलाच्या उजेडात काढला तुले. लाइन आली तवा पाह्यलं, तर केसच नाई!"