दातेरी चाकांचा रक्षक

यंत्राचे बळ वाढविले म्हणजे यंत्र सुधारले, असे पुष्कळांना वाटते. मोठी मोटर बसवावी, अधिक जोराची बॅटरी जोडावी, की गाडी वाऱ्यासारखी धावू लागेल, ही कल्पना सहज मनात येते. परंतु बळ निर्माण करणे निराळे आणि ते सुखरूपपणे चाकांपर्यंत पोचविणे निराळे. या दोहोंतील अंतर रेडिओच्या साहाय्याने चालणाऱ्या लहानशा बग्गीत फार चांगले पाहावयास मिळते.

तारेवाचून दुरून यंत्र चालविण्याची विद्या तशी जुनी आहे. १८९८ साली निकोला टेस्ला या संशोधकाने न्यूयॉर्क शहरातील मॅडिसन स्क्वेअर गार्डन या सभागृहात पाण्यावर एक छोटी नौका ठेवून ती रेडिओलहरींनी हवी तशी वळवून दाखविली. पुढे ही विद्या खेळण्यांतही आली. जपानमधील शिझुओका या गावी असलेल्या तामिया या कंपनीने १९८४ साली 'ग्रासहॉपर' आणि 'हॉर्नेट' या नावांच्या दोन बग्ग्या बाजारात आणल्या. ग्रासहॉपर म्हणजे नाकतोडा आणि हॉर्नेट म्हणजे गांधीलमाशी. खऱ्या गाडीच्या दहाव्या हिश्शाएवढ्या या बग्ग्यांचे सुटे भाग पेटीत मिळत आणि मुलांनी ते स्वतःच्या हातांनी जोडावयाचे असत. दोघींची अंगकाठी बरीचशी सारखी होती. मात्र नाकतोड्याची मोटर लहान होती आणि गांधीलमाशीची मोठी. दोघींचीही दातेरी चाके, माती व वाळू आत जाऊ नये म्हणून, बंद पेटीत ठेवलेली होती.

अशा बग्गीत मोटरचे बळ चाकांपर्यंत कसे जाते, ते प्रथम पाहू. मोटरच्या दांड्यावर एक लहान दातेरी चाक असते. त्याला पिनियन म्हणतात. पिनियनचे दात एका मोठ्या दातेरी चाकात अडकलेले असतात. ते स्पर गिअर होय. स्पर गिअरचा दांडा पेटीतील आणखी काही दातेरी चाके फिरवितो आणि अखेर ते बळ मागच्या दोन चाकांना मिळते. समजा, पिनियनला २२ दात आहेत व स्पर गिअरला ८८. तर पिनियनचे चार फेरे होतील तेव्हा स्पर गिअरचा एकच फेरा पुरा होईल. पेटीतील चाकांनी हा वेग आणखी अडीच पटींनी कमी केला, तर मोटरच्या दहा फेऱ्यांना बग्गीच्या चाकाचा एक फेरा पडेल. मोटर मिनिटाला ३०,००० फेरे घेत असेल, तर चाक ३,००० फेरे घेईल. चाकाचा परीघ २७ सेंटीमीटर धरला, तर बग्गी मिनिटाला ८१० मीटर, म्हणजे ताशी सुमारे ४८ किलोमीटर धावेल. वेग दसपटीने उतरतो, पण त्याच्या मोबदल्यात चाकाला मिळणारा पीळ जवळजवळ दसपटीने वाढतो. दातेरी चाकांचा हा व्यवहार असा चोख असतो. एक घेतल्यावाचून ती दुसरे देत नाहीत.

आता एखाद्या मुलाने खाऊचे पैसे साठवून आपल्या साध्या बग्गीला ब्रशरहित जातीची नवी, जोमदार मोटर बसविली अशी कल्पना करा. पहिल्या दिवशी बग्गी अशी काही धावते की, पाहणारे थक्क होतात. दुसऱ्या दिवशी मातीच्या उंचवट्यावरून तिने उडी घेतली. गाडी हवेत असताना मुलाचे बोट कळीवर तसेच दाबलेले होते. चाकांना जमिनीचा अडथळा नव्हता, म्हणून ती अधिकच वेगाने फिरू लागली. तोच गाडी खाली आली. रबरी धावांनी जमीन पकडली आणि चाकांचा वेग एकाएकी खाली ओढला गेला. इकडे मोटरचा फिरणारा भाग तर मूळच्या वेगाने फिरू पाहत होता. कारण फिरती वस्तू आपण होऊन थांबत नाही, हा जडत्वाचा नियम आहे. एका बाजूने जमीन म्हणते 'थांब', दुसऱ्या बाजूने मोटर म्हणते 'चल'. या ओढाताणीत मधल्या मध्ये सापडले ते बिचारे दातेरी चाक. एक बारीकसा आवाज झाला. मोटर घरघरत राहिली, पण बग्गी जागची हलेना. पेटी उघडून पाहतात तो चाकाचे तीन-चार दात तुटून पडलेले!

अशा वेळी पहिला विचार मनात येतो तो असा की, नायलॉनचे चाक मोडले, तर पोलादाचे बसवावे. हा विचार चुकीचा नाही, पण अपुरा आहे. पोलादी चाकाचे दात तुटणार नाहीत हे खरे; परंतु त्यामुळे धक्का नाहीसा होत नाही. तो त्या चाकातून पुढे सरकतो आणि पुढच्या दुबळ्या भागावर जाऊन आदळतो. मग दांडा वाकतो, नाही तर चाकांना बळ वाटून देणारा डिफरन्शियल मोडतो. तो मजबूत केला, तर चाकाजवळचा सांधा निखळतो. साखळीची एक कडी बदलली की ताण दुसरीवर पडतो, त्यातलाच हा प्रकार. म्हणून शहाणा कारागीर 'काय मोडले?' एवढेच विचारून थांबत नाही. 'धक्का कोठून आला आणि तो कोठे जिरवावा?' असे तो विचारतो.

या प्रश्नाचे उत्तर क्रिकेट खेळणाऱ्या प्रत्येक मुलाला ठाऊक आहे. वेगाने येणारा चेंडू ताठ हातांनी झेलला, तर तळवे झिणझिणतात. तोच चेंडू हात थोडे मागे घेत झेलला, तर काहीच लागत नाही. चेंडूचा वेग दोन्ही वेळा तेवढाच असतो आणि दोन्ही वेळा तो शून्यावर येतो. फरक पडतो तो केवळ वेळेचा. थांबण्यास अधिक वेळ मिळाला की धक्क्याचा जोर कमी होतो. बग्गीतही तेच साधावयाचे असते. जमीन आणि मोटर यांच्या वेगांचा मेळ एका क्षणात न घालता, त्यांना थोडी उसंत द्यावयाची. ही उसंत देणारा भाग म्हणजे स्लिपर क्लच.

त्याची रचना अगदी साधी आहे. साध्या बग्गीत स्पर गिअर दांड्याला पक्का जखडलेला असतो. स्लिपर क्लचमध्ये तो दांड्यावर मोकळा फिरू शकतो. त्याच्या दोन्ही अंगांना घर्षण करणाऱ्या चकत्या असतात आणि त्यांच्या बाहेरून धातूच्या दोन तबकड्या. या तबकड्या मात्र दांड्यावर अशा बसविलेल्या असतात की, दांडा फिरल्यावाचून त्या फिरू शकत नाहीत. सर्वांत बाहेर एक स्प्रिंग आणि तिच्यावर एक नट. नट आवळला की स्प्रिंग दबते. स्प्रिंग तबकड्यांना दाबते. तबकड्या चकत्यांना आणि चकत्या स्पर गिअरला घट्ट पकडतात. म्हणजे बळ दांड्याकडे जाते ते केवळ घर्षणाच्या जोरावर. नेहमीच्या चालीत ही पकड पुरेशी असते. मर्यादेबाहेरचा धक्का आला की पकड सुटते, स्पर गिअर क्षणभर घसरतो आणि धक्का ओसरताच पुन्हा पकडला जातो. त्या घसरण्यात धक्क्याचा जो भाग खर्ची पडतो, त्याची उष्णता होते व ती तबकड्यांवाटे हवेत निघून जाते.

हे तत्त्व घरी पडताळून पाहता येईल. एक वही दोन्ही तळव्यांच्या मध्ये धरा आणि मित्राला ती ओढावयास सांगा. तळवे हलके दाबले असतील, तर वही सहज निसटेल. घट्ट दाबले असतील, तर ओढणाऱ्याला बरेच बळ लावावे लागेल. तुमचे तळवे म्हणजे तबकड्या, तुमच्या हातांचे बळ म्हणजे स्प्रिंग आणि वही म्हणजे स्पर गिअर. दाब जितका अधिक, तितके घर्षण अधिक. घर्षणाचे हे नियम फ्रान्समधील कूलाँब या शास्त्रज्ञाने अठराव्या शतकात प्रयोगांनी तपासून मांडले. बग्गीचा नट फिरविणारे बोट तोच नियम कामाला लावीत असते.

हा क्लच बसविताना घाई करू नये. प्रथम बॅटरी काढून बाजूला ठेवावी. चुकून कळ दाबली गेली, तर फिरणारे दात बोटाला इजा करतील. आपल्याच बग्गीसाठी तयार केलेला संच घ्यावा, कारण तबकड्या दांड्यावर अचूक बसल्या पाहिजेत. काही बग्ग्यांत त्यासाठी दांडाही बदलावा लागतो. चकत्यांना तेलाचा हात लागू देऊ नये. तेल लागले की घर्षण घटते आणि क्लच निकामी होतो. मोटर परत बसविताना पिनियन व स्पर गिअर यांच्या दातांत कागदाची एक पातळ पट्टी घालून दोन्ही चाके जवळ आणावी, मोटरचे स्क्रू आवळावे आणि मग पट्टी काढून घ्यावी. पट्टीवर दातांच्या घड्या उमटल्या, पण ती फाटली नाही, म्हणजे दातांतील अंतर बरोबर आले असे समजावे. हे अंतर चुकले, तर उत्तम क्लचही दातांना वाचवू शकणार नाही.

त्यानंतर खरी कसोटी येते ती नट आवळण्याची. नट फार सैल राहिला, तर क्लच सदाच घसरत राहतो. मोटर ओरडते, पण गाडी रेंगाळते. चकत्या तापून गुळगुळीत होतात आणि उष्णतेने नायलॉनचा स्पर गिअर वितळूही शकतो. शिवाय अशा बग्गीला ब्रेक लागतो तो मोटरमधूनच. म्हणून सैल क्लचमुळे ब्रेकही दुबळा होतो. उलट, नट पुरता आवळून टाकला, तर क्लच घसरणारच नाही. मग तो असून नसल्यासारखाच. या दोन टोकांच्या मधली जागा शोधावयाची असते. ज्या जमिनीवर खेळावयाचे, तिच्यावरच बग्गी उभी करावी आणि एकदम पूर्ण वेग द्यावा. निघताना क्षणभर बारीक घूंकार ऐकू यावा आणि हातभर अंतर जाताच तो थांबावा. आवाज लांबत गेला, तर नट फेऱ्याच्या आठव्या हिश्शाएवढा आवळावा. मुळीच आला नाही, तर तेवढाच सैल करावा. पुन्हा चालवावे, पुन्हा ऐकावे. चाके हाताने धरून मोटर चालविण्याचा प्रयोग मुलांनी कधीही करू नये; आणि बॅटरी भारित करताना घरातील वडीलधारे माणूस जवळ असावे.

नीट लावलेला क्लच आणखी एक उपकार करतो. गाडी सुटताना सगळे बळ एकाएकी चाकांना मिळाले, तर मोकळ्या मातीवर चाके जागच्या जागी गरगरतात आणि कठीण जमिनीवर बग्गीचे नाक वर उचलले जाते. क्लच तो पहिला आवेग थोडा आवरतो. त्यामुळे चाकांना जमीन पकडावयास अवधी मिळतो आणि बग्गी सरळ निघते. म्हणजे जे बळ वाया जात होते, तेच आता पुढे जाण्यास उपयोगी पडते.

हा विचार केवळ खेळण्यापुरता नाही. शेतात ट्रॅक्टरच्या मागे फिरणाऱ्या काही अवजारांच्या दांड्यावरही असाच घसरणारा क्लच बसविलेला असतो. जमिनीत दडलेल्या दगडाला अवजार अडले, तर क्लच घसरतो आणि ट्रॅक्टरचे मौल्यवान भाग वाचतात. बग्गीतील क्लच नखाएवढ्या चकत्यांनी जे करतो, तेच येथे मोठ्या तबकड्यांनी साधलेले असते.

घसरणे हा आपण सामान्यतः दोष मानतो. परंतु केव्हा घट्ट धरावे आणि केव्हा क्षणभर सोडावे, हे ज्या भागाला साधते, त्याच्या आधाराने सारे यंत्र टिकते. पुढच्या वेळी एखाद्या बग्गीने उडी घेतली आणि ती खाली येताच बारीक घूंकार ऐकू आला, तर समजावे की, तिच्या पेटीतील दात आणखी एकदा वाचले आहेत.

अभ्यास

१. मोटरपासून चाकांपर्यंत बळ कोणकोणत्या भागांतून जाते, ते क्रमाने लिहा.

२. बग्गी उडी घेऊन खाली येते, तेव्हाच दातेरी चाक मोडण्याचा संभव अधिक का असतो?

३. 'पोलादी चाक बसविणे हा विचार चुकीचा नाही, पण अपुरा आहे.' या विधानाचे स्पष्टीकरण करा.

४. चेंडू झेलणे आणि स्लिपर क्लचचे कार्य यांतील साम्य चार-पाच वाक्यांत सांगा.

५. नट फार सैल राहिल्याने व फार आवळल्याने काय काय होते?

६. गणित करा : पिनियनला २० दात व स्पर गिअरला ८० दात आहेत. पेटीतील चाके वेग आणखी अडीच पटींनी कमी करतात. मोटर मिनिटाला २०,००० फेरे घेत असेल, तर बग्गीचे चाक मिनिटाला किती फेरे घेईल?

७. पुढील शब्दांचा स्वतःच्या वाक्यांत उपयोग करा : उसंत, आवेग, कसोटी, मोबदला, ओढाताण.

८. 'केव्हा घट्ट धरावे आणि केव्हा सोडावे' हे ज्या कामात समजावे लागते, असे आपल्या पाहण्यातील एखादे काम निवडून त्यावर दहा ओळी लिहा.